ताणावरचे गुलाब

मी गनीभाईच्या गुलाबांना पाणी घातलं. एवढंच केलं. चोरी नाही, मारामारी नाही. तांब्याभर पाणी, तेही स्वतः नळावर रांग लावून भरलेलं. पण नगरच्या माळीवाड्यात आज कुणाला माझी ओळख करून द्यायची झाली, तर सहादेव चहावाला ‘हा कचेरीत कारकून आहे’ असं सांगत नाही. ‘गनीच्या झाडांना पाणी पाजलं तो हाच’ असं सांगतो. आणि ऐकणारा माझ्याकडे असा बघतो, की मी पाणी नव्हे, दुसरंच काहीतरी पाजलं असावं.

आता यात माझा दोष किती आणि माझ्या गावाचा किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी जामखेडचा. आमच्याकडे पाणी पिऊन झाल्यावर तांब्यात उरलेला घोट कुणी फेकत नाही. तो तुळशीला घालायचा, तुळस ओली असली तर शेवग्याला, आणि शेवगाही ओला असला तर आपण स्वप्नात आहोत असं समजायचं. सुकलेल्या झाडाजवळून भरला तांब्या घेऊन तसंच पुढे जाणं म्हणजे उपाशी माणसासमोर बसून जेवण्यासारखं. या एका धड्यासाठी आईनं मला जेवढ्या चापट्या मारल्या, तेवढ्या मास्तरांनी सगळ्या पाढ्यांसाठी मिळून मारल्या नसतील.

तर गेल्या साली, म्हणजे सत्तरच्या डिसेंबरात, मी गनीभाईच्या सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर राहत होतो. कचेरीतली नोकरी नवी, पगार जेमतेम. माळ्याचं भाडं कमी होतं, कारण दुकानदार बाहेर गेला की खाली बसून सायकली द्यायच्या-घ्यायच्या, हे भाड्यातच धरलेलं होतं. दुकानासमोरच्या ओट्यावर रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत गनीभाईचे तीन गुलाब होते. डिसेंबर लागला तशी त्यांची पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. त्यातच गनीभाई घरच्यांना घेऊन लेकीच्या लग्नाच्या बोलणीसाठी कोपरगावला गेला आणि तिकडेच रमला. मी रोज सकाळी माळ्यावरून उतरायचो, तोंड धुवायचो, आणि समोर ती तीन तहानलेली झाडं. जामखेडच्या पोरानं दुसरं काय करावं?

गनीभाईविषयी आधी सांगायला हवं. वय पन्नाशीचं, अंगानं सायकलच्या तारेसारखा सडसडीत, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. खिशात कायम पाना. लग्नाला गेला तरी शेरवानीच्या खिशात पाना असतोच, कारण ‘कुनाची चेन कवा उतरंल, सांगता येत न्हाई.’ स्वतःविषयी बोलताना तो ‘मी’ म्हणत नाही. ‘गनी बोलला म्हंजे बोलला.’ आणि हा बोलतो फार. पैज लावण्याची संधी त्यानं आयुष्यात सोडलेली नाही, आणि जिंकलेलीही फारशी नाही.

ते गुलाब त्याच्याकडे आले तेही असेच. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, सामान विकायला काढलं, तेव्हा हा त्यांची लेडीज सायकल घ्यायला गेला. बाईसाहेब किंमत कमी करेनात, हा वाढवेना. शेवटी त्यांनी सायकल दुसऱ्याला दिली आणि याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून गुलाबाचे तीन डबे दिले. त्याच्या बायकोचं, खुर्शीदभाभींचं, त्यावरचं मत माळीवाड्यात सगळ्यांना पाठ आहे: “सायकल आणायला गेले, काटे घेऊन आले.”

साधे गुलाब नव्हते ते. आपला गुलाब म्हणजे झुडूप, जमिनीपासून फांद्या. हे म्हणजे कमरेएवढं उंच, उघडं, सरळ खोड, आणि फांद्या-पानांचा सगळा संसार वर टोकाला. रानगुलाबाचं खोड उंच वाढवायचं आणि त्याच्या डोक्यावर चांगल्या जातीचा डोळा भरून कलम करायचं, म्हणजे असं झाड होतं. बंगल्यांतले माळी त्याला ‘स्टँडर’ म्हणतात. गनीभाई ‘छत्री’ म्हणायचा. तीन छत्र्यांची नावं मोठा, मधला आणि धाकटा. थोडक्यात, घरात सगळ्या लेकीच, म्हणून नसलेले मुलगे त्यानं डब्यांत लावले होते.

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी तो कोपरगावहून परतला. दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी ओट्यावर वाकला. मी शेजारीच उभा होतो, शाबासकी घ्यायला. झाडांच्या टोकांना लाल लाल, कोवळी, चिमणीच्या जिभेएवढी पालवी फुटली होती.

“ह्ये काय?” त्यानं विचारलं.

“पालवी,” मी म्हणालो. “सुकून चालली होती बिचारी. मी रोज पाणी घातलं.”

“रोज?”

“रोज. ऊन असलं तर दोनदा.”

गनीभाईनं आधी माझ्याकडे, मग झाडांकडे, मग आभाळाकडे बघितलं, आणि तो हवा भरायच्या पंपाशेजारी जमिनीवरच बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं समोरच्या टपरीकडे मान वळवली आणि शांतपणे सांगितलं, “सहादेव, एक चहा आन. ह्याला नगं. ह्यो पान्यावर जगतो.”

मग चहा पिता पिता त्यानं मला समजावलं. झाडं मरत नव्हती, झोपली होती. राहुरीकडे त्याच्या मामूंची मोसंबीची बाग होती. तिथं थंडीत बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं गाळतं, सगळा जीव आत ओढून गप्प पडतं. याला ताणावर सोडणं म्हणतात. मग ठरल्या दिवशी छाटून, मुळ्या उकरून, खत देऊन पाणी सोडलं, की अख्खी बाग एकाच वेळी फुलावर येते. ताण दिला नाही तर आज एक फूल, परवा एक, असं वर्षभर टिपटिप चालतं. मामूंची ही विद्या गनीभाईनं गुलाबांना लावली होती. विद्या पुरती पोचली होती असं नाही. बाईसाहेबांनी दिलेल्या तीन डब्यांखेरीज त्यानं कॅम्पातल्या माळ्याकडून आणखी दोन मिळवले होते आणि ते आदल्या हिवाळ्यांत ताणावर सोडून कायमचेच झोपवले होते. पण हे मला सहादेवनं नंतर सांगितलं. त्या दिवशी दोषी मी एकटाच होतो.

“पन एकाच वेळी कशाला पाहिजेत फुलं?” मी विचारलं. माझी भाषा त्याच्याकडे राहून बिघडत चालली होती.

तेव्हा खरी गोष्ट कळली. लेक मुमताजची सोयरीक कोपरगावच्या फक्रुद्दीनभाईंच्या मुलाशी ठरली होती. फक्रुद्दीनभाईंचा गोदावरीकाठी गुलाबाचा मळा, फुलांचा मोठा धंदा. बैठकीत त्यांनी सहज म्हटलं, की नवरदेवाच्या कपाळावरून सोडायच्या सेहऱ्याची फुलं मळ्यातून आणू, तुम्ही काळजी करू नका. ‘काळजी करू नका’ हे गनीभाईला लागलं. तो म्हणाला, फूल गनीच्या दारचं, तुमी फकस्त नवरदेव आना. त्यावर फक्रुद्दीनभाईंनी विचारलं, “सायकलीच्या दुकानात फुलं? पंपानं हवा भरून फुलवता काय?” सगळी बैठक हसली. पडद्याआड मुमताजही हसली, हे त्याला जास्त झोंबलं.

“गनी बोललाय म्हून न्हाई रे, जामखेडकर,” तो म्हणाला. चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच होता. “ऐन लग्नात गनीनं फुलासाठी हात पसरला, तर हसून देतील बी ते. चांगली मानसं हायेत. पन मग कवाबी भाजीत मीठ कमी पडलं, की पोरीला ऐकावं लागंल, तुझ्या बापाच्या छत्र्या कुटं गेल्या म्हून. मस्करीत म्हनतील. जल्मभर मस्करी.”

लग्न पुढे-मागे करायची सोय नव्हती. बकरी ईद होऊ द्यायची, आणि मोहरमात लग्नं करत नाहीत म्हणून त्याचा चाँद दिसायच्या आत निकाह उरकायचा, एवढीच फट. फेब्रुवारीतला रविवार ठरलेला. आणि ही झाडं माझ्या कृपेनं जानेवारीतच, अर्धवट झोपेतून, एक इकडे एक तिकडे फुलणार होती.

त्यानं कात्री काढली. मोठ्याची पालवी खुडली, फांद्या आखूड केल्या. मधल्याच्याही केल्या. आता पुन्हा पाणी बंद, संक्रांतीपर्यंत ताण. सहादेव टपरीतूनच म्हणाला, की अरे, आत्ताच छाटून पाणी सोड, उगाच दुसऱ्यांदा उपाशी का ठेवतोस? पण गनी बोलला म्हणजे बोलला. (पुढे जे झालं त्यातला निम्मा वाटा या हट्टाचा आहे. माळीवाड्यात तोही माझ्याच नावावर मांडतात.)

कात्री धाकट्यापाशी आली तेव्हा मुमताज जेवणाचा डबा घेऊन आली होती. पंक्चर काढण्यात बापाला हरवणारी पोरगी. तिचं बोलणंही तसंच, भोक नेमकं सापडायचं. ती म्हणाली, “अब्बा, याला नका कापू. त्याला उठायचंय तर उठू द्या. सगळ्यांनीच तुमच्या तारखेला कशाला फुलायचं?”

गनीभाईनं तिच्याकडे बघितलं आणि कात्री मिटली. “बरं. ह्यो तुजा.”

मग माझा दंड ठरला. दोन कलमं. पहिलं, या दोन डब्यांवर राखण. पाण्याचा थेंब पडता कामा नये. दुसरं कलम त्यानं विचारपूर्वक घातलं. “तुमच्या गावाकडं शेरडं हायेत?”

“माणसांपेक्षा जास्त.”

“मग एक पोतं लेंडीखत आन. जुनं, कुजल्यालं. नवं झाडाला जाळतं.”

मी हो म्हणालो. एक पोतं लेंडी म्हणजे काय मोठं?

राखणीचं काम किती अवघड आहे ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सगळं नगर शहर त्या दोन डब्यांत पाणी ओतायला टपलेलं होतं. सहादेवचं गिऱ्हाईक ग्लास विसळून पाणी तिकडेच भिरकवायचं. पान खाऊन चूळ भरणारे होते. शाळेची पोरं बाटल्या रिकाम्या करायची. आणि वर थंडीचा कोरडा वारा. गनीभाईला भीती, की खोडाच्या टोकाशी जिथं डोळा भरलेला असतो तो सांधा फाटेल. त्यानं तिथं तरट गुंडाळलं, तरट कमी पडलं म्हणून भाभींची जुनी हिरवी ओढणी गुंडाळली.

तिथंच घोटाळा झाला. ओट्यावर, पानं झडलेली दोन उभी खोडं, हिरव्या कपड्यात. एके दिवशी कोर्टाच्या तारखेला आलेली एक म्हातारी थांबली, डब्यांसमोर हात जोडले, आणि चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं. मी सांगायला गेलो, की आजी, हे पीर नाहीत, गुलाब आहेत. ती म्हणाली, “असू दे बाबा. आपल्याला काय, पावल्याशी मतलब.” दुसऱ्या दिवशी उदबत्ती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ फोडला, आणि मी झेप घेऊन नारळाचं पाणी मधल्याच्या मुळाशी पडायच्या आत स्वतःच्या सदऱ्यावर घेतलं. खोबऱ्याची सहादेवनं चटणी केली. गनीभाईला कळलं तेव्हा तो दचकलाच. मग म्हणाला, “म्हातारीची तारीख काय झाली, ते बघ. काम झालं आसंल तर आपनबी मागू काय तरी.”

तेवढ्यात धाकटा फुलला. जानेवारी सरता सरता, भर थंडीत, कुणाची परवानगी न घेता. गडद लाल, वाटीएवढी फुलं, वासानं सहादेवच्या चहाची चव बदलावी अशी. लोक सायकल घ्यायला यायचे आणि फूल हुंगून जायचे. गनीभाई त्याच्याकडे पाठ करून बसायचा. भाभींनी सगळ्या पाकळ्या खुडून नेल्या, साखरेत घालून बरणी दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. “तुमच्या सेहऱ्याचं काय व्हायचं ते होवो,” त्या म्हणाल्या, “व्याह्यांना गुलकंद तरी मिळेल.”

त्याआधी संक्रांतीला मी गावी गेलो होतो आणि लेंडीखताचं पोतं भरून जामखेडच्या स्टँडवर आणलंही होतं. कंडक्टरनं पोत्याला नाक लावलं. माणसाचं तिकीट मिळेल, म्हणाला, लेंडीचं नाही. मी शेतकी खात्याचं नाव सांगून पाहिलं. त्यानं माझ्याच अंगाचा वास घेतला आणि घंटी मारली. पोतं मामाच्या गोठ्यात परत गेलं. गनीभाईनं मग पुंजाराम टांगेवाल्याच्या घोड्याची वाळलेली लीद आणि सहादेवचा चहाचा चोथा यावर भागवलं. मुळ्या उकरल्या, दोन दिवस वारा लागू दिला, खत घातलं, आणि मोठ्या समारंभानं ताण मोडला. पहिलं पाणी घालायचा मान मला दिला. “घाल,” तो म्हणाला, “आता पाहिजे तेवढं घाल, भाड्या.”

मधला आठवडाभरात जागा झाला. मोठा झालाच नाही. गनीभाई रोज सकाळी त्याच्या सालीवर नख ओढून बघायचा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. एके दिवशी त्यानं नख मुळापर्यंत ओढत नेलं, आणि मग दिवसभर सायकली नाव-गाव न विचारता देत राहिला. दोनदा झोपवलेलं झाड एकदा तरी रुसणारच, असं सहादेव म्हणाला. पण हळू म्हणाला.

म्हणजे आता सगळी भिस्त एकट्या मधल्यावर. त्याच्या डोक्यावर डझनावर कळ्या धरल्या, पण कळ्या कसल्या, सुपाऱ्या. हिरव्या, घट्ट. फेब्रुवारी उजाडला तरी थंडी हलेना. दुकानाचा ओटा सकाळी सावलीत, म्हणून आम्ही डबा उचलून रस्त्यापलीकडे न्यायचो आणि दुपारी ऊन फिरलं की परत. शेवटी गनीभाईनं एका सायकलच्या मागच्या कॅरियरवर डबा जुन्या ट्यूबनं करकचून बांधला आणि सायकलच उन्हामागे ढकलत फिरवायला लागला. निवडणुकीचा हंगाम होता. बाकी सगळ्या सायकली झेंडे लावून प्रचाराला गेलेल्या, आणि ही एक गुलाब लावून. दोन कार्यकर्ते येऊन विचारून गेले, की गुलाबाच्या चिन्हावर कोण उभं आहे?

संध्याकाळी तो सहादेवकडून कोमट पाणी आणून मुळाशी घालायचा. सहादेव विचारायचा, “साखर किती?”

लग्नाच्या सकाळी मी माळ्यावरून उतरलो तेव्हा गनीभाई शेरवानी घालून, हातात कात्री घेऊन मधल्यापुढे उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. कळ्यांना तोंडं फुटली होती. चार-पाच निम्म्या उमललेल्या, बाकीच्यांच्या टोकाला लाल चीर फक्त. झाडावर बघितलं तर नजर ठरत नव्हती. पण तोडून ओवायच्या म्हटलं तर सेहरा कसला, एक सरही भरत नव्हती, आणि मिटली कळी तोडली की ती मान टाकणार. भाभी येऊन बघून गेल्या. “दारात बांधतात ना लिंबू-मिरची,” त्या म्हणाल्या, “तेवढं होईल.”

मी म्हटलं, व्याही फुलांच्या धंद्यातले, त्यांनी एखादी पाटी आणलीच असेल. गनीभाईची कात्री खिशात, पान्याशेजारी गेली.

दहाच्या सुमाराला कोपरगावचा ट्रक आला. फक्रुद्दीनभाई सगळ्यांत आधी उतरले. धिप्पाड माणूस, पांढरीशुभ्र शेरवानी. गनीभाईला कडकडून भेटले आणि म्हणाले, “गनीभाई, तुमी शब्द दिल्ता. आमच्या घरचे म्हनत हुते, असू द्या एक पाटी बरूबर. मी म्हनलं, न्हाई. त्यो मानूस बोललाय. मी एक पाकळी आनली न्हाई.”

एवढा मान गनीभाईला आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि इतक्या वाईट वेळी तर नाहीच.

त्यातच पुंजाराम धावत आला. नवरदेवासाठी त्याचा घोडा ठरवला होता. घोडा सकाळीच एका उमेदवाराच्या मिरवणुकीत गेला आणि मिरवणूक आता भिंगारकडे निघाली होती. उमेदवार उतरायला तयार नव्हता. वऱ्हाड शेजारच्या लाकडाच्या वखारीत उतरलेलं, आणि गनीभाईचं घर झेंडीगेटला. तिथवर वाजतगाजत जायचं ते कसं?

भाभींचा तोल सुटला. “घोडा नाही, सेहरा नाही. आता जावयाला तुमच्या सायकलवर बसवा, आणि ते झाड धरा त्याच्या डोक्यावर.”

त्या टोमणा मारून आत वळल्या. गनीभाई जागचा हलला नाही. त्याची नजर त्या सायकलवर गेली. मधला कालच्या उन्हासाठी बांधला होता तसाच कॅरियरवर उभा होता. खोड सीटच्या मागून वर गेलेलं, आणि कळ्यांचं सगळं डोकं सीटच्या बरोबर वर, माणूस बसला तर टोपीच्या वीतभर उंचीवर, जरासं पुढे झुकलेलं.

“जामखेडकर,” तो म्हणाला, “आनखी दोन ट्यूबा आन.”

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. नवरदेवाला आधी पटेना. तो बापाकडे बघू लागला. फक्रुद्दीनभाई सायकलभोवती एक फेरी मारून आले. कळ्यांखाली हात धरला, तोडायला नव्हे, वजन बघायला. मग मुलाला मानेनं खूण केली: बस. मुलगा बसला. मागून डबा धरायला मी, कारण ज्यानं झोपमोड केली त्यानंच सांभाळायचं. बँडवाले पुढे. पोलीस चौकीपाशी एका प्रचाराच्या जीपनं आम्हाला वाट दिली आणि भोंग्यावरच्या माणसानं भाषण थांबवून वधूवरांना शुभेच्छा दिल्या. दुकानांतले लोक बाहेर आले. कोर्टाची म्हातारी त्यांत होती की नाही, मला दिसलं नाही, कारण माझ्या दोन्ही कानांत काटे जात होते.

आणि ऊन चढत होतं. इतके दिवस ज्या उन्हामागे आम्ही ती सायकल ढकलली, ते त्या दिवशी आपणहून सगळ्या रस्त्यावर पसरलं होतं. झेंडीगेट जवळ आलं तेव्हा मी वर बघितलं, तर सकाळच्या अर्ध्या कळ्या पुऱ्या उघडल्या होत्या, आणि चीर पडलेल्या अर्ध्या झाल्या होत्या. एक पाकळी नवरदेवाच्या टोपीवर पडली. पोरगा तोवर रंगात आला होता. घंटी वाजवत होता.

घराच्या अलीकडे चेन उतरली. सगळं वऱ्हाड थांबलं. गनीभाईनं शेरवानीच्या खिशातून पाना काढला, रस्त्यावर गुडघे टेकले, चेन बसवली, आणि त्याच काळ्या हातांनी उठून व्याह्यांना मिठी मारली. फक्रुद्दीनभाईंच्या पांढऱ्या पाठीवर दहा बोटं उमटली. ते दिवसभर तसेच हिंडले.

निकाह झाला, जेवणं झाली, गुलकंदाची बरणी फिरली. तेव्हा कुठे फक्रुद्दीनभाईंनी निकाल दिला. “गनीभाई, सेहऱ्यानं नवऱ्याचं तोंड झाकतं. तुमच्या ह्या परकारानं माझ्या पोराचं तोंड सगळ्या नगरनं बघितलं.”

“मग?” गनीभाई म्हणाला. “वाईट हाय का?”

हसता हसता फक्रुद्दीनभाईंना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, की पंचवीस वर्षं फुलं विकतोय, पण झाडच नवऱ्यावर धरलेलं पहिल्यांदा बघितलं. ही छत्री आमच्या मळ्यात पाहिजे. सुनेबरोबर द्या.

गनीभाईचा चेहरा उतरला. “पोरगी दिली ना,” तो म्हणाला. “झाड न्हाई.”

तेव्हा आतून मुमताजचा आवाज आला, की अब्बांनी धाकटा मला कधीच दिलाय, जामखेडकर साक्षीला आहे. मी साक्ष दिली. संध्याकाळी ट्रकमध्ये नवरीच्या पायांशी धाकट्याचा डबा चढला. मुमताज रडत होती आणि एका हातानं खोड धरून होती. गनीभाई ट्रकच्या फळीला धरून लेकीला नव्हे, व्याह्यांना सांगत राहिला: तुमच्याकडं गोदावरीचं पानी लई. थंडीत ह्याला झोपू द्या. कुनी बी दया दाखवाया आलं तर हाकलून द्या. हे सांगताना तो माझ्याकडे का बघत होता, ते ट्रकमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

आता पुन्हा दिवाळी होऊन गेली. मुमताजचा निरोप आलाय, की धाकट्याच्या डोळ्यांवरून सासऱ्यांनी छत्रीची चार नवी झाडं बांधलीत, आणि एक नगरला यायचं आहे. मधला ओट्यावर आहे, पाणी तोडलंय, पानं पिवळी पडू लागलीत. मी माळ्यावरून उतरतो तेव्हा रिकामा तांब्या सगळ्यांना दिसेल असा उलटा धरून उतरतो.

मोठ्याचा डबा मात्र गनीभाईनं टाकलेला नाही. नव्या झाडासाठी त्यात माती भरून ठेवलीय, वरची चार बोटं मोकळी सोडून. ती जागा माझ्या लेंडीखताची. पोतं अजून मामाच्या गोठ्यात आहे. दसऱ्याला पुन्हा स्टँडवर नेलं होतं, तर गाडीवर तोच कंडक्टर. मी कचेरीला निघालो, की गनीभाई खिशातून पाना काढतो आणि त्या डब्यावर दोनदा टकटक करतो.